नैवेद्याआधीची वाटी

"चमचा खाली ठेवा," अण्णा म्हणाले.

मी चमचा अगदी ओठांपर्यंत नेला होता. वरणाची वाफ नाकात शिरत होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. नोकरीचा पहिला दिवस. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट, खिशात थर्मामीटर आणि डोक्यात आहारशास्त्राची ताजी ताजी पदवी.

"का हो?"

"देवानं अजून खाल्लेलं नाही."

"अण्णा, पेशंटला वाढायच्या आधी अन्न कुणीतरी चाखून बघायचं, असा नियम आहे."

"नियम बरोबरच आहे," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे देव चाखतो. पहिल्यापासून तोच चाखत आलाय. आजवर एकदाही तक्रार केली नाही त्यानं."

भाकऱ्या थापणाऱ्या बायका पदराआड हसल्या. मी चमचा खाली ठेवला.

कृष्णाकाठच्या त्या धर्मादाय दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. दवाखाना अजून चालू आहे आणि तिथलं जेवण आता चांगलं असतं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. त्याच्या मागे फरसबंदी अंगण आणि अंगणाच्या मधोमध भलंमोठं तुळशीवृंदावन. अध्यक्ष आबासाहेबांनी ते आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलेलं. वृंदावनाच्या अंगावर संगमरवरी पाटी होती, 'कै. भागीरथीबाई यांच्या पुण्यस्मरणार्थ', आणि ती पाटी तुळशीपेक्षाही मोठी होती.

स्वयंपाकघराचे राजे मात्र अण्णा उपळेकर. पोट पुढे, कपाळावर गंध, कमरेला पंचा. माणूस स्वच्छतेचा इतका की, पाय न धुता कुणी आत आलं तर मग ते सर्जन का असेनात, उंबऱ्यावरूनच परत जायचे. पातेली अशी घासून घ्यायचे की त्यात बघून मी केस नीट करायची. स्वयंपाक झाला की सगळी पातेली ओळीनं मांडायची, अंगणातून ओंजळभर तुळस खुडून आणायची, प्रत्येक पातेल्यात पानं सोडायची, कोनाड्यातल्या पितळी बाळकृष्णासमोर पाणी फिरवून डोळे मिटायचे. डोळे उघडले की "चला, वाढा!" एवढाच हुकूम. मीठ कधी कमी नाही, कधी जास्त नाही. न चाखता हे त्यांना कसं जमायचं ते मला आजही कळलेलं नाही.

मग आमचा तह झाला. मी चाखायचं, पण नैवेद्यानंतर. पहिल्या लढाईत देव जिंकला. त्याचा वचपा म्हणून मी माझा एक नियम घातला. शिजलेल्या प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यायची. कुणाचं पोट बिघडलंच, तर ती वाटी तपासायला पाठवायची, म्हणजे दोष अन्नात होता की नाही ते कळतं.

"नमुन्याची वाटी?" अण्णा म्हणाले. "ठेवू की! त्यात काय अवघड आहे?"

इतक्या पटकन ते कबूल झाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. अण्णा काही असे सहजासहजी ऐकणाऱ्यातले नव्हते.

आणि मग बायकांच्या वॉर्डात पोटं बिघडायला लागली.

सगळ्यांची नाही. ऑपरेशन झालेल्या, हलकं जेवण चालू असलेल्या बायकांचीच. त्यांना आम्ही दहीभात द्यायचो. दही नावाला, दूध जास्त, म्हणजे आंबट लागत नाही आणि पोटालाही सोसतो. सकाळीच कालवून, नैवेद्य दाखवून ठेवायचा आणि दुपारी वाढायचा. मी फ्रिजमधली वाटी तपासायला पाठवली. उत्तर आलं, निर्दोष. पुढच्या खेपेला पुन्हा पाठवली. पुन्हा निर्दोष. मी पाण्याची टाकी उपसून घेतली, दूध बदललं, विरजण बदललं, बायकांची नखं तपासली. मी आत पाऊल टाकलं की भाकऱ्या थापणाऱ्या बायका पीठ लागलेले हात पाठीमागे लपवायच्या. कशाचा काही उपयोग झाला नाही.

त्यात अण्णांची बायको, यमुनाकाकू, त्याच वॉर्डात होत्या. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालेलं. बाकीच्या बायका दोन-तीन दिवसांत सावरायच्या, काकू मात्र खंगतच चालल्या होत्या. सलाईन काढलं की पुन्हा लावायची वेळ यायची. अण्णा रोज दुपारी स्वतःच्या हातानं त्यांच्यासाठी वेगळी वाटी घेऊन वर जायचे, आणि खाली आले की घासलेलीच पातेली पुन्हा घासत बसायचे.

मेट्रन साळवीबाईंनी अध्यक्षांच्या कानावर घातलं. साळवीबाई म्हणजे दवाखान्याचा धाक. चादरीवर सुरकुती दिसली तर नर्सच्या डोळ्यांत पाणी आणणारी बाई. "घाण स्वयंपाकघरात आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "त्या आचाऱ्याला आधी घालवा."

आबासाहेबांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांच्या मेहुण्याचं एसटी स्टँडवर कँटीन होतं, आणि दवाखान्याला जेवण पुरवायची त्या मेहुण्याला फार दिवसांची हौस होती. त्याच्या कँटीनच्या वड्यांचं तेल मी एकदा पाहिलं होतं. त्या तेलात तोंड दिसत नव्हतं.

"सोमवारी कमिटी घिऊन येतो," आबासाहेब मला म्हणाले. "मी सोता जेवून बघणार. सगळं दाखवायचं मला, काय वो मॅडम? दोष सापडला की अण्णाला नारळ आन् सैपाकघराला कुलूप. मानसं मरूस्तोवर थांबायचं का?"

म्हणजे अण्णांकडे सोमवारपर्यंत वेळ होता, आणि माझ्याकडेही तेवढाच.

शुक्रवारी दुपारी मी काकूंजवळ जाऊन बसले. चेहरा सुकलेला, पण जीभ शाबूत.

"काय गं, सापडला का चोर?"

"नाही ना काकू. तुम्ही काय खाता ते सांगा बघू. घरून काही येतं का?"

"घरून कोण आणणार? आमचं घरच तुमच्या स्वयंपाकघरात असतं की दिवसभर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जे सगळ्यांना तेच मला. फक्त माझ्या वाटीत हे मूठभर तुळस जास्त घालतात. लवकर बरी व्हावी म्हणून. दहीभात खातेय की बाग चरतेय तेच कळेना झालंय मला."

मी हसले. काकू हसल्या. जिना उतरताना मधेच माझं हसू थांबलं.

अण्णा परातीत तांदूळ निवडत बसले होते. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"अण्णा, नमुन्याची वाटी तुम्ही कधी काढता?"

"नैवेद्याच्या आधी."

"आधी? आधी का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. "नैवेद्य दाखवला की तो प्रसाद झाला. तुमची वाटी दुसऱ्या दिवशी मोरीत ओततात. प्रसाद मोरीत ओतू मी?"

माझ्या सगळ्या तपासण्या डोळ्यांसमोर आल्या. ज्या भातात तुळस पडलेलीच नव्हती तो भात मी तपासायला पाठवत होते, आणि पेशंट खात होते तो दुसराच भात.

"आणि अण्णा, तुळस धुऊन घेता ना?"

तांदूळ निवडणारा हात थांबला. "तुळस? मॅडम, तुळशीनं बाकीचं सगळं शुद्ध होतं. तिला कोण धुणार?"

हातात परात होती म्हणून ते एवढ्यावरच थांबले, नाहीतर मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि दाराशीच थबकले.

वृंदावनात, तुळशीच्या बुंध्याशी, मखमल बसली होती.

मखमल ही साळवीबाईंची मांजर. कागदोपत्री दवाखान्यात मांजर नव्हतीच. चादरींच्या कोठीत ती राहायची, साळवीबाईंच्या बशीतलं दूध प्यायची, आणि कुणी विचारलं तर "उंदरांसाठी आहे ती" असं उत्तर मिळायचं. बाकी दवाखान्यात सगळीकडे फरशी. मऊ, भुसभुशीत, रोज पाणी मिळणारी माती फक्त एका ठिकाणी होती, भागीरथीबाईंच्या वृंदावनात. मखमलनं निवांतपणे आपला कार्यभाग उरकला आणि मागच्या पायांनी माती उडवून वरून झाकूनही टाकला. मांजर फार स्वच्छ प्राणी. उडालेली माती खालच्या पानांवर जाऊन बसली. आणि अण्णा गुडघेदुखीमुळे टाचा उंचावून हात वर करत नसत, खालचीच पानं खुडायचे.

उकळत्या वरणात पडलेल्या पानाचं काही नाही, तिथे सगळं मरतं. पण दुधात कालवलेल्या कोमट भातात ते पान सकाळपासून दुपारपर्यंत पडून राहायचं. आणि काकूंच्या वाटीत तर मूठभर.

त्या दिवसापासून मी हलक्या जेवणातून दहीभात काढून टाकला. "डॉक्टरांनी सांगितलंय, वाफाळती मुगाची खिचडी आणि उकळती पेज," असं मी ठोकून दिलं. "बाळकृष्णाला दही नाही?" म्हणून अण्णा तोंड पाडून बसले. रविवारपर्यंत वॉर्ड शांत झाला. काकूंचं सलाईन निघालं. माझी खात्री पटली.

पण सांगणार कुणाला? आबासाहेबांना सांगितलं असतं, तर संध्याकाळी मेहुण्याचे डबे आले असते. अण्णांना सांगितलं असतं, तर त्यांनी तुळशीची निंदा ऐकून घेतली नसती. आणि खिचडीवर मी किती दिवस काढणार होते? जे मी सांगून कुणाला पटणार नव्हतं, ते कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं होतं. सगळ्यांनीच बघायला हवं होतं.

सोमवारी मी कमिटीच्या खुर्च्या अंगणात मांडल्या. वृंदावनाच्या अगदी समोर.

"आत फार उकडतंय," मी साळवीबाईंना म्हणाले. "आणि तुम्ही जरा लवकर या हं."

साळवीबाई खाली आल्या तशी मी वर कोठीत गेले आणि मखमलपुढे वाटीभर दूध ठेवलं. रोजच्या दुप्पट. दूध प्यायल्यावर तिला मातीची आठवण यायला वेळ लागत नाही, हे मी दोन दिवस पाळत ठेवून पाहिलं होतं. आहारशास्त्राचा याहून चांगला उपयोग मी पुढे आयुष्यात कधी केला नाही.

आबासाहेब आले, कमिटीतले दोघे आले, टोप्या नीट करून बसले. अण्णांनी त्या दिवशी जीव ओतून स्वयंपाक केला होता. मुद्दाम मीच सांगितलं म्हणून दहीभातही होता. सगळ्यांच्या देखत त्यांनी वृंदावनातून तुळस खुडली, पानं सोडली, पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग चांदीच्या वाटीत दहीभात घेऊन आबासाहेबांपुढे धरला.

"आधी प्रसाद घ्या."

मांजरीचा पत्ता नव्हता.

आबासाहेबांनी चमचा उचलला, पण आधी भाषण सुरू केलं. सेवा, संस्था, आईची पुण्याई. मी जिन्याकडे बघत होते. मखमल दूध पिऊन तिथेच झोपली असेल तर? भाषण संपलं. चमचा वाटीत गेला, भरून वर आला. खोटं कशाला बोलू, एक घास जाऊ द्यावा असं मला क्षणभर वाटलं. फक्त एकच, मेहुण्याच्या नावानं.

"आबासाहेब, थांबा!" माझ्या तोंडून निघालंच.

"का वो?"

चमचा त्यांच्या मिशीखाली आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तेवढ्यात जिन्यावरून मखमल आली. घाई नाही, गडबड नाही. खुर्च्यांच्या मधून शेपूट उभी करून चालत गेली, वृंदावनावर चढली, बुंध्याशी दोन वेळा गोल फिरली, आणि आमच्या सगळ्यांकडे तोंड करून, कै. भागीरथीबाईंच्या पाटीच्या बरोब्बर वर, बसली.

मांजरीनं आपलं सावकाश उरकलं, माती उडवली, चार खडे अण्णांनी नुकत्याच खुडलेल्या फांदीवर पडले, दोन आबासाहेबांच्या बुटावर.

आबासाहेबांनी चमचा वाटीत ठेवला. अगदी हळू ठेवला.

"ही मांजर कुणाची?"

मखमलनंच उत्तर दिलं. खाली उतरली, थेट साळवीबाईंकडे गेली आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र साडीला अंग घासून लाडात म्याव म्हणाली.

साळवीबाईंना इतकं लाल झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कमिटीतल्या एकाने घसा खाकरला. "म्हणजे आबासाहेब, अहवालात असं लिहायचं का, की रोगाचं मूळ मातोश्रींच्या वृंदावनात..."

"काय लिवायचं न्हाई!" आबासाहेब ताडकन उठले. "लिवा, हवामान. हवामानानं बिघडली पोटं. आन् मॅडम, त्या वृंदावनाला आजच्या आज जाळी बसवा. बारीक!"

जाळी आली म्हणजे स्वयंपाकघर राहिलं. मेहुण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, साळवीबाईंनी अण्णांना घालवायचा विषय काढला नाही. मी स्वतःवर भारी खूश होते. वळून अण्णांकडे पाहिलं आणि तो आनंद जागच्या जागी विरला.

अण्णा वृंदावनासमोर उभे होते. हातात उरलेली चार पानं होती, आणि ती पानं ते उलटी-सुलटी करून बघत होते. मग त्यांनी आबासाहेबांच्या हातातली वाटी काढून घेतली, तिच्यावर झाकण घातलं आणि जिना चढायला लागले.

मी मागून गेले. वॉर्डाच्या दारापाशी थांबले.

अण्णा काकूंच्या पलंगाशी स्टुलावर बसले होते. झाकलेली वाटी त्यांनी मांडीवरच धरून ठेवली होती. मग एकदम सगळं बाहेर पडलं. मांजर, माती, खालची पानं, कोमट भात. "आणि तुला मी मूठ मूठ घालत होतो गं," ते म्हणाले आणि पंच्याच्या टोकात तोंड लपवून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, पोट हलत होतं रडताना. मला इतकं वाईट वाटलं, की मांजरीला दूध पाजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटून गेलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं त्याही रडतायत. पण त्या पोटाला हात धरून हसत होत्या.

"हसवू नका हो, टाके दुखतात!"

"यमुने, मी तुला मारलं असतं."

"हो, मारलंच असतं." त्यांनी डोळे पुसले आणि अण्णांचा हात हातात घेतला. "अहो, प्रेम करायचंच होतं तर धुऊन करायचं."

मी तिथून निघून गेले. ते बघायला मी थांबणं बरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर अण्णांनी उकळून गार केलेल्या पाण्याची घागर बाजूला ठेवली होती आणि तुळशीचं एकेक पान त्यात आंघोळ घालून काढत होते. पातेल्यांमध्ये एकही पान पडलं नाही. प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी देवापुढे काढली होती, फक्त तिच्यात पडलं.

"आणि नमुना?" मी भीतभीत विचारलं.

"हाच नमुना. देवाचं ताट तेच तुमच्या फ्रिजमध्ये जाणार. पण उद्या मोरीत नाही ओतायचं. गाईला घालायचं."

"कबूल."

"आणि देवाला ताटापासून लांब नाही ठेवायचं." असं म्हणून त्यांनी बाळकृष्णाची एक छोटी तसबीर फ्रिजच्या दाराला आतून चिकटवली. "दहीदूध त्याला गारच आवडतं."

मी त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या लढाईतही देवच जिंकला असं अण्णांना वाटत होतं, आणि मी जिंकले असं मला. दोघांचंही पोट भरलं होतं. काकू त्याच आठवड्यात घरी गेल्या. निघताना मखमलला मासळीचं पुडकं देऊन गेल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी जिल्ह्याचे तपासनीस आले. मोठे कडक गृहस्थ. सगळं बघून झाल्यावर त्यांनी नमुन्यांचा फ्रिज उघडला आणि भुवया वर केल्या.

"अहो, फ्रिजमध्ये देव कशाला?"

अण्णा तेव्हा खूप थकले होते. शिजवणं इतरांकडे गेलं होतं, पण नैवेद्य दाखवायला रोज यायचेच. काठी टेकत पुढे आले.

"ते आमचे चाखणारे आहेत, साहेब. आधी चाखतात, मग एक दिवस इथेच मुक्कामाला असतात. कुणाला काही झालंच, तर आधी त्यांना विचारायचं."

तपासनीस हसले आणि त्यांनी फ्रिज बंद केला. अण्णा परत फिरले. उंबऱ्याशी पोहोचल्यावर थांबले, मागे वळले, आणि कुणी काही विचारलेलं नसताना हळूच म्हणाले,

"तुळस धुतलेली आहे."